तारेचा कायदा आणि आपलं वऱ्हाड

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, "इतकी वर्षं तू नेमकं काय केलंस, ते एकदा लिहून टाक." प्रश्न नवा नाही. गेली तीस वर्षं अमरावतीला लग्नकार्याला आले की पंगतीत कुणीतरी विचारतंच, "काऊन वं, तू त फोनच्या हापिसात हायेस न? आमच्या घरी रेंजच नाई येत, पाय न जरा!" मी फोनच्या ऑफिसात कधीच नव्हते. दूरसंचाराचे कायदे आणि धोरणं यांचा अभ्यास करणं हे माझं काम. हे सांगितलं की समोरचा "असं होय" म्हणून मठ्ठ्याकडे वळतो. आज मात्र तुम्ही स्मरणिका हातात घेऊन बसला आहात, तेव्हा गोष्ट पूर्ण सांगते. गोष्ट माझी कमी आणि एका कायद्याची जास्त आहे. तो कायदा १८८५ सालचा. आपल्या कापसाच्या बाजारापासून आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत तो आपल्यासोबत होता, फक्त आपल्याला त्याची ओळख नव्हती.

आपण दहावी झालो १९८५ साली. त्याच वर्षी तार कायद्याला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्याच वर्षी टपाल आणि तार या जुन्या खात्याची फाळणी होऊन टपाल वेगळं आणि दूरसंचार वेगळा झाला. आणि त्याच वर्षी, १६ मार्चला, अमरावतीच्याच एका तरुणाने वकिलीची सनद घेतली. त्याचं नाव भूषण गवई. आपण तेव्हा दहावीच्या पेपरांत बुडालेलो होतो. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर आपण हसलो असतो.

नागरिकशास्त्राचे आपले सर आठवतात ना? खडूचा तुकडा बोटांत फिरवत ते सांगायचे, "कायदा वाचताना दोनच प्रश्न विचारा. अधिकार कुणाला दिला? आणि त्याचा हिशेब कुणाला द्यायचा?" सर आज आपल्यात नाहीत. पण माझी सगळी नोकरी या दोन प्रश्नांवर चालली, हे त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर कबूल करायला हवं.

कापूस आणि तार

१८५३ साली निजामाने कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभारात दिला. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, हिंदुस्थानातला तारेचा पहिला कायदा झाला. त्याच्या आधी चार वर्षं विल्यम ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार टाकून प्रयोग केला होता. डॉक्टरने तारा ओढाव्यात याचं नवल वाटतं, पण तो रसायनशास्त्राचाही जाणकार होता आणि पुढे तार खात्याचा प्रमुख झाला.

१८५७ च्या उठावात तारेचं महत्त्व इंग्रजांना पुरतं कळलं. दिल्लीतून अंबाल्याला गेलेल्या तारेमुळे पंजाबातले अधिकारी सावध झाले. त्यानंतर तार हे नुसतं निरोपाचं साधन राहिलं नाही, राज्य टिकवण्याचं साधन झालं. १८६०, १८७६ आणि शेवटी १८८५ असे एकामागून एक कायदे झाले ते याच समजुतीतून.

वऱ्हाडात तार आली ती रेल्वेच्या सोबतीने, आणि रेल्वे आली ती कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या काळ्या मातीकडे वळल्या. मुंबई-नागपूर मार्ग अकोला, बडनेरा करत पुढे गेला. अमरावती मुख्य मार्गावर नव्हती, म्हणून बडनेऱ्याहून फाटा काढला. १८७० साली मुंबई ते इंग्लंड समुद्राखालची तार जोडली गेली. आता लिव्हरपूलच्या बाजारातला भाव मुंबईला कळायला आठवडे लागेनात. मुंबईचा भाव अकोला, खामगाव, अमरावतीच्या अडत्यांना कळणंही सोपं झालं. शेतकऱ्याला मात्र तो अडत्याकडूनच कळायचा. बातमी ज्याच्या हाती आधी, नफा त्याच्या हाती आधी, हे गणित तेव्हापासूनचं आहे.

माझं आजोळ अकोल्याचं. आजोबा एका जिनिंग फॅक्टरीत मुनीम होते. दुपारी मुंबईच्या भावाची तार आली की सरकीच्या ढिगापाशी कशी शांतता पसरायची, ते आजोबा सांगायचे. तारेच्या शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापाऱ्यांनी एका शब्दात अख्खं वाक्य बसवणाऱ्या सांकेतिक भाषा केल्या होत्या. त्याच तारेची एक वाईट बहीणही होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर सट्टा चालायचा. तो भाव यायचा बंद झाला, तेव्हा लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. "मटका" हा शब्द आला तो तिथून. कापूस आपला, आकडा न्यूयॉर्कचा आणि मडकं मुंबईचं, असा तो कारभार होता.

दोन कलमं

१८८५ च्या कायद्यात दोन कलमं अशी आहेत की त्यांच्याभोवती माझं निम्मं आयुष्य गेलं.

चौथं कलम सांगतं की तारयंत्रणा उभारण्याचा, चालवण्याचा एकाधिकार सरकारचा. दुसऱ्या कुणाला ती चालवायची तर सरकारचा परवाना हवा. पाचवं कलम सांगतं की सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षेचं हित असेल, तर सरकार तारा ताब्यात घेऊ शकतं, निरोप अडवू शकतं, वाचू शकतं.

सरांचे दोन प्रश्न इथे लावून पाहा. अधिकार कुणाला? सरकारला. हिशेब कुणाला? कायद्यात त्याचं उत्तरच नव्हतं. राज्य परकं होतं, त्यामुळे त्याचं नवल नाही. नवल हे की आपण स्वतंत्र झालो, राज्यघटना आली, तरी कायदा तोच राहिला. पाचव्या कलमाची भाषा १९७२ साली राज्यघटनेशी जुळती करून घेतली, पण हिशेबाचा प्रश्न मोकळाच राहिला.

आपल्या लहानपणी या कायद्याचा घरात जो अनुभव यायचा तो निराळा होता. तार आली म्हटलं की मजकूर वाचायच्या आधीच बायका डोळ्याला पदर लावायच्या. मुंबईच्या काकाशी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून तासन् तास बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे दर चढते. लायटनिंग परवडणारा माणूस मी आमच्या गल्लीत पाहिला नाही. घरी फोन हवा असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची. १९९१ साली साऱ्या देशात जेमतेम ५० लाख टेलिफोन होते. चौथ्या कलमातल्या एकाधिकाराचा अर्थ आपल्याला असा कळत होता.

मग पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओची बूथं आली. रात्री दर कमी व्हायचे, म्हणून राजकमल चौकात उशिरापर्यंत रांग असायची. काचेच्या आत बोलणाऱ्याचं लक्ष लाल आकड्यांच्या मीटरवर, बाहेरच्यांचं लक्ष बोलणाऱ्यावर. आपल्यातल्या दोघांची लग्नं त्या रांगेत जमली, हे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

लहरी कुणाच्या?

अमरावतीत कायद्याचं शिक्षण घेऊन मी पुढे दिल्लीला गेले. तिथे एका ज्येष्ठांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून लागले. पहिलंच काम हाती आलं ते एका क्रिकेटच्या खटल्याचं.

१९९३ चा हिरो कप तुम्हाला नक्की आठवतो. उपांत्य सामन्यात सचिनने टाकलेलं शेवटचं षटक आणि अंतिम सामन्यात कुंबळेने १२ धावांत घेतलेले ६ बळी. ते आपण कुणाच्या तरी घरी दाटीवाटीने बसून पाहिलं. पडद्यामागे मात्र भलताच सामना चालला होता. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले होते. दूरदर्शन आणि सरकारचं म्हणणं, तार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार लहरी आमच्या, परवानगीशिवाय सिग्नल वर जाणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी होते. मुख्य निकालपत्र न्या. सावंतांचं. मराठी मुलखातला, कामगारांची बाजू मांडत वकिली केलेला हा न्यायाधीश. त्यांनी सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची खासगी मिळकत नव्हे आणि पैसेवाल्या कंपनीचीही नव्हे. त्यांच्या वापरावर नियंत्रण हवं, पण ते स्वायत्त सार्वजनिक संस्थेचं हवं. लहरी मर्यादित आहेत म्हणून त्या कुणा एकाच्या मुठीत जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार.

शेताच्या भाषेत सांगायचं तर लहरी म्हणजे गावचं गायरान. पाटील त्याची व्यवस्था बघेल, पण ते पाटलाच्या सातबाऱ्यावर चढत नाही. पुढे २ फेब्रुवारी २०१२ रोजी टू-जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हाही पाया हाच होता. जनतेची संपत्ती वाटायची तर वाटपाची रीत न्याय्य आणि उघड हवी.

दुसरा धडा १८ डिसेंबर १९९६ चा. राजकारण्यांचे फोन चोरून ऐकले जात असल्याचं प्रकरण घेऊन पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना न्यायालयात गेली होती. न्यायालयाने पाचवं कलम रद्द केलं नाही. पण फोनवरचं संभाषण हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, असं सांगून अटी घातल्या. आदेश गृहसचिवांचाच हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवली तरी एकूण सहा महिन्यांच्या वर नाही, आणि वर आढावा समिती. म्हणजे सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळायला कायद्याला १११ वर्षं लागली. तेही अर्धंच. आढावा घेणारेही सरकारी अधिकारीच.

तुमचं पत्र कुणीतरी वाचतं

१९९७ साली ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, स्थापन झालं. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे ट्रायचे सल्लामसलतीचे कागद वाचणं आणि त्यांना उत्तरं लिहिणं. नियम करण्याआधी ट्राय एक मसुदावजा कागद प्रसिद्ध करतं, त्यात प्रश्न असतात, त्यावर कोणीही मत पाठवू शकतं, मग त्या मतांवर प्रतिमतं येतात आणि शेवटी खुली चर्चा होते. "कोणीही" यात तुम्हीही आलात. पण बहुतेक वेळा उत्तरं येतात ती कंपन्यांची आणि आमच्यासारख्या दोनचार संस्थांची.

२०१५ साली मात्र उलटं घडलं. काही संकेतस्थळं फुकट आणि काही पैशाने, असा भेद कंपन्यांना करू द्यायचा का, असा विषय होता. दहा लाखांहून अधिक लोकांनी ईमेल पाठवले. त्यात आपल्या वऱ्हाडातल्या कॉलेजांची पोरंही असणारच. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असा भेदभावाचा दर लावायला मनाई केली. आमच्या अहवालांनी जे झालं नसतं ते पोरांच्या चार ओळींनी झालं, हे मी संशोधक म्हणून नम्रपणे नोंदवते.

कधी कधी हिशेबाचा नियम नियामकालाच लागू पडतो. कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने केला होता. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. नियम मनमानी आहे आणि करताना पुरेशी पारदर्शकता पाळली नाही, असं न्यायालय म्हणालं. ग्राहक म्हणून मला वाईट वाटलं, अभ्यासक म्हणून निकालातला मुद्दा पटला. चांगला हेतू असला तरी रीत पाळावी लागते.

शेतातला टॉवर

आपल्यातले जे शेती करतात त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. एखाद्याच्या कपाशीत किंवा वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत विजेच्या उच्च दाबाच्या वाहिनीचा मनोरा उभा राहतो, तेव्हा तो कोणत्या कायद्याने? जमीन तर संपादित केलेली नसते. बऱ्याचदा उत्तर असतं, १८८५ चा तार कायदा! वीज कायदा २००३ च्या कलम १६४ नुसार वीज वाहिन्या टाकणाऱ्यांना तार खात्याचे अधिकार देता येतात. तार कायद्याचं दहावं कलम सांगतं की जमिनीची मालकी न घेता खांब रोवता येतात, तारा ओढता येतात. पण त्याच कलमात असंही आहे की नुकसान कमीत कमी करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. ती पुरेशी वाटली नाही तर सोळाव्या कलमाखाली जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं.

चार वर्षांपूर्वी एका वर्गमित्राने फोनवर मनोऱ्याची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याला पहिला अर्धा भाग माहीत होता, दुसरा नव्हता. अधिकार सांगणारं कलम सगळ्यांना सांगितलं जातं, हिशेबाचं कलम आपणच शोधावं लागतं. नवा कायदा आला तेव्हाही वीज वाहिन्यांपुरता हा जुना भाग कायम ठेवला आहे. तेव्हा हा कागद जपून ठेवा.

इंटरनेट बंद

आता त्या प्रसंगाकडे येते ज्यासाठी हा लेख लिहायला मी होकार दिला.

१५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली. तार गेली, तारेचा कायदा राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच पाचव्या कलमाच्या आधारे इंटरनेट आणि दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम आले. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांनी द्यायचा, त्यात कारणं हवीत आणि आढावा समितीने पाच कामकाजाच्या दिवसांत तो तपासायचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झालं. 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० रोजी निकाल आला. खंडपीठात न्या. एन. व्ही. रमणा, न्या. आर. सुभाष रेड्डी आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. निकालपत्र न्या. रमणा यांनी लिहिलं. इंटरनेटवरून बोलण्याचं आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेने राखलेलं आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध करावेच लागतील आणि ठरावीक काळाने त्यांचा आढावा घ्यावा लागेल, असं त्यात सांगितलं. काश्मीरचं इंटरनेट मात्र त्या दिवशी लगेच सुरू झालं नाही. फोर-जी सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तत्त्व मिळालं, दिलासा लांबला, ही टीका तेव्हाही झाली आणि ती मला रास्त वाटते.

फ्रेझरपुऱ्यात वाढलेला, अमरावती विद्यापीठातून वाणिज्य आणि कायदा शिकलेला, एकेकाळी अमरावती महापालिकेची बाजू कोर्टात मांडणारा माणूस त्या पीठावर होता, याचा मला अभिमान वाटला. पुढे १४ मे २०२५ रोजी ते देशाचे ५२ वे सरन्यायाधीश झाले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ती आपल्या दारात आली. १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत दगडफेक, जाळपोळ झाली. संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात तेच घडलं, एक जीव गेला, आणि तिथेही इंटरनेट थांबलं. दोन्ही वेळा मी दिल्लीत होते. आई अमरावतीत एकटी. साधा फोन लागत होता एवढाच आधार.

पहिल्या वेळी सेवा सुरू झाल्यावर आपल्या ग्रुपवर जो वाद पेटला तो तुम्हाला आठवत असेल. आपली एक मैत्रीण घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय करते. दिवाळीनंतरच्या लग्नसराईच्या ऑर्डरी फोनवर, पैसे फोनवर. तिचा माल घरात पडून राहिला. तिने चिडून लिहिलं, "दगड मारले दुसऱ्यांनी, दंड भरला मी." आपलाच एक मित्र, पोलीस दलातून निवृत्त झालेला, त्याने उत्तर दिलं, "जमाव रस्त्यावर असताना जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरायला लागले की काय होतं ते मी पाहिलं आहे. तुझे लाडू वाया गेले, कुणाचा पोरगा तर गेला नाही ना?"

आणि मी काय केलं? तज्ज्ञ ना मी! निकालपत्रातले परिच्छेद ग्रुपवर टाकले, एकामागून एक सहा. कुणी वाचले नाहीत. वाद थांबला, पण पटल्यामुळे नव्हे, कंटाळ्याने. दोघंही काही दिवस ग्रुपवर गप्प राहिले. त्याची खंत मला अजून आहे.

नंतर त्या मित्राचाच फोन आला. म्हणाला, "तू शिकलेली आहेस, एवढंच सांग. रात्रीचे अकरा वाजले आहेत, दोन गट समोरासमोर आहेत, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. वीस वर्षं या विषयावर लिहून नव्हतं.

आज थोडंफार आहे, ते इथे लिहिते. बंद करायचंच नाही, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण बंद करताना कागदावर चार गोष्टी हव्यात. का, कुठे, किती वेळ, आणि याहून सौम्य उपाय का चालला नसता. दंगल दोन मोहल्ल्यांत असेल तर अख्खा जिल्हा अंधारात का? हा कागद लोकांना दिसला पाहिजे, म्हणजे आपल्या मैत्रिणीला निदान कळेल की तिचं नुकसान कशासाठी झालं आणि ते कुठे विचारायचं. आणि नंतर मोजदाद हवी, की बंद केल्याने अफवा खरंच थांबल्या का. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने याच विषयावर अहवाल दिला. देशात किती वेळा इंटरनेट बंद झालं याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह मंत्रालय, असं त्यात आढळलं. ज्या उपायाची मोजदादच नाही, तो लागू पडतो की नाही हे मित्रालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. आमच्या दोघांच्या वादात खरी उणीव होती ती या माहितीची.

जाता जाता ग्रुपच्या अॅडमिनसाठी एक दिलासा. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येणार नाही, त्याचा सामायिक हेतू दिसला पाहिजे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. तेव्हा सकाळच्या फुलांच्या फोटोंची जबाबदारी ज्याची त्याची.

नवा कायदा, जुने प्रश्न

२४ डिसेंबर २०२३ रोजी नव्या दूरसंचार कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. २६ जून २०२४ पासून त्याची बरीच कलमं लागू झाली. त्यात जुन्या पाचव्या कलमाची जागा विसाव्या कलमाने घेतली आहे. "सार्वजनिक आणीबाणी" आणि "सार्वजनिक सुरक्षा" हे १८८५ चे शब्द मात्र जवळपास तसेच आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेवा थांबवण्याचे नवे नियम आले. आदेश प्रसिद्ध करायचा, कारणं लिहायची, भाग नेमका सांगायचा, मुदत १५ दिवसांच्या आत. अनुराधा भसीन निकालातली गोष्ट आता नियमाच्या पुस्तकात आली. आढावा समितीत मात्र अजून सरकारी अधिकारीच आहेत. बाहेरचा एखादा न्यायाधीश, एखादा नागरिक त्यात असावा, हे मी गेली काही वर्षं प्रत्येक उत्तरात लिहिते. अजून कुणी ऐकलेलं नाही. लिहीत राहणार.

तर मित्रमैत्रिणींनो, आणि गुरुजनहो, इतकी वर्षं मी हे केलं. फोन दुरुस्त केला नाही, रेंज आणून दिली नाही. अधिकार कुणाला दिला हे वाचलं आणि हिशेब कुणाला द्यायचा हे विचारत राहिले. सरांनी फळ्यावर लिहिलेले दोन प्रश्न मी दिल्लीच्या बैठकांत नुसते पुन्हा पुन्हा वाचून दाखवले.

स्नेहमेळाव्यात ते दोघंही येणार आहेत, लाडू करणारी आणि पोलीस असलेला. मी त्यांना एका टेबलावर बसवायचं ठरवलं आहे. या वेळी परिच्छेद वाचणार नाही, ऐकणार आहे. आणि रेंजची तक्रार ज्यांना करायची आहे त्यांनी खुशाल करावी. उत्तर नाही मिळालं, तरी तक्रार कुठे लिहायची ते नक्की सांगेन.